मैदानाचा मालिक आणि गोलंदाजाचे कान

गेल्या महिन्यात भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. तो न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर कामाला आहे. तिथे सशांचा उच्छाद आहे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी ससे नेऊन सोडले आणि आज तेच ससे कुरणं फस्त करतात. त्यामुळे फार्मवर पॉइंट टू-टूची रायफल असणं हे आपल्याकडे कोयता असण्याइतकं साधं आहे. बंदुकीला परवाना लागतो. नळीच्या तोंडावर बसवायचा सप्रेसर, म्हणजे लोकांच्या भाषेत सायलेन्सर, मात्र तिथल्या शेतकऱ्यांकडे सर्रास दिसतो. भाच्याचा सवाल असा होता : ‘‘मामू, आवाज कम, टिके ज्यादा, और साफ करनेकू आसान, ऐसा कौनसा लेऊं?’’

मामूला इतिहासाचा नाद, हे त्याला ठाऊक. तरीही त्याने मलाच विचारलं, कारण त्याचं बालपण सोनारीत गेलं. भैरवनाथाच्या चैत्री यात्रेत फटाका वाजला की देवळाच्या कळसापासून गल्लीतल्या पत्र्यांपर्यंत सगळी माकडं कशी सैरावैरा पळतात, ते त्याने पाहिलंय. आणि सोनारीहून जवळच असलेला परंड्याचा किल्ला मी त्याला बोट धरून दाखवलाय. तेव्हा तोफांकडे बघून त्याने विचारलं होतं, ‘‘मामू, इसकू उडानेवाले के कान नहीं फटते थे क्या?’’ त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आता दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल.

परंड्याची ती तोफ

विजापूरला शेर्जा बुरुजावर पर्यटक जिच्यासोबत फोटो काढतात, ती ‘मलिक-ए-मैदान’ एकेकाळी आपल्या परंड्याच्या तटावर होती, हे धाराशिव जिल्ह्यातल्याही कित्येकांना माहीत नसतं. तोफ ओतली गेली अहमदनगरला, हिजरी ९५६ म्हणजे इसवी सन १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हुसेन रूमी. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. त्या काळी तोफखान्याचं इल्म घेऊन इस्तंबूलकडची माणसं दख्खनच्या दरबारांत येत आणि इथलीच होऊन जात.

वजन सुमारे ५५ टन, लांबी चार मीटरच्या वर, नळीचा व्यास जवळपास ७० सेंटिमीटर. तोंडाला सिंहाचा जबडा, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्यात ही होती असं सांगतात. पुढे ती परंड्याला आली. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून ज्या परंड्याला राजधानी केली, तोच हा किल्ला. निजामशाही मोडकळीला आली तेव्हा परंडा आदिलशाहीकडे गेला आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने तोफ विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, अशी हकीकत सांगितली जाते. तुर्की कारागीर, निजामशाही खजिना, परंड्याचा तट, ब्राह्मण सरदार आणि विजापूरचा बादशहा. इतिहासाला हिंदू-मुस्लिम अशा दोन कप्प्यांत कोंबणाऱ्यांनी या तोफेचा प्रवास एकदा नकाशावर काढून बघावा.

पण आज मुद्दा वेगळा आहे. या तोफेजवळ उभा राहणारा माणूस कोण होता आणि त्याच्या कानाचं काय झालं?

पहिला सवाल : आवाज

शेर्जा बुरुजावर तोफेजवळ पाण्याचं एक टाकं आहे. गाईड सांगतो, गोलंदाज बत्ती लावायचा आणि लगेच पाण्यात बुडी मारायचा, म्हणजे धडाक्याने बहिरा होऊ नये. जयपूरच्या जयगडावरच्या ‘जयबाण’ तोफेबद्दलही हीच कथा ऐकायला मिळते. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातलं विज्ञान मात्र खोटं नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग आत शिरतो. बाकी सगळा परत हवेत जातो. डोकं पाण्याखाली असेल तर कान वाचतो.

मला मात्र ते टाकं पाहिलं की दुसरीच शंका येते. ती पुढे सांगतो.

दुसरा सवाल : टिकाऊपणा

रूमीने या तोफेसाठी जो धातू वापरला, तो घंटेचा. साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. म्हणूनच तोफेवर हलकेच टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. लोखंड स्वस्त होतं, मग इतकं महाग कांसं का? कारण ओतीव लोखंडाची तोफ फुटायची तेव्हा सूचना न देता फुटायची आणि पहिला बळी गोलंदाजाचा जायचा. कांसं आधी फुगतं, ताणतं, इशारा देतं. शिवाय ते गंजत नाही. पावणेपाचशे वर्षं ऊन-पावसात राहूनही ही तोफ शाबूत आहे. गंमत म्हणजे १८५४ मध्ये इंग्रजी अमलात तिचा भंगार म्हणून लिलाव झाला आणि बोली आली दीडशे रुपयांची. साताऱ्याच्या अधिकाऱ्याने विक्री रद्द केली, म्हणून ती आज आहे. धातू टिकाऊ होता, राज्यकर्त्यांची अक्कल तेवढी टिकाऊ नव्हती.

तिसरा सवाल : सफाई

जुनी काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर होऊन निघून जात नाही. काजळी आणि क्षार होऊन नळीतच चिकटतो. ही काजळी हवेतलं पाणी ओढते आणि धातू खाते. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात धगधगता निखारा लपून राहतो. त्यावर नवी दारू ठासली तर तोफ ठासणाऱ्याच्याच अंगावर सुटते. म्हणून प्रत्येक बारानंतर लांब काठीला बांधलेला ओला बोळा नळीत फिरवायचा, मग कोरडा फिरवायचा, मग दारू भरायची.

आता माझी शंका. बुरुजावर पाण्याचं टाकं गोलंदाजाच्या बुडीसाठी होतं की बोळा भिजवायला आणि तापलेली तोफ थंड करायला? मला दुसरं कारण जास्त पटतं. पण लोकांनी मात्र पाण्याची आठवण माणसाच्या कानाशी जोडली. बखरींना जे सुचलं नाही, ते दंतकथेला सुचलं. आपल्या मराठीतही तोफेला ‘कान’ असतो, म्हणजे बत्ती देण्याचं छिद्र. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानात खिळे ठोकत. तोफेच्या कानाची नोंद लढायांच्या वर्णनात सापडते. गोलंदाजाच्या कानाची सापडत नाही.

बहिऱ्या बापाचा मुलगा

आता तीनशे-साडेतीनशे वर्षं पुढे या. १८८४ मध्ये हायरम मॅक्झिम याने स्वयंचलित मशीनगन बनवली. आफ्रिका-आशियातल्या वसाहती याच बंदुकीने चिरडल्या गेल्या. आयुष्यभर बंदुकांजवळ उभं राहून मॅक्झिम स्वतः बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ मध्ये ‘सायलेन्सर’चं पेटंट मिळवलं. न्हाणीघरात टबचं पाणी भोवरा करत मोरीत जाताना पाहून त्याला कल्पना सुचली असं म्हणतात. पाणी जसं फिरत फिरत सावकाश निघतं, तसा बंदुकीतला वायू फिरवून सावकाश सोडला तर? धडाका म्हणजे दाबलेला वायू एकदम मोकळा होणं. त्याला आधी पडद्यांच्या खोल्यांतून हिंडवलं, थंड केलं, की आवाज उतरतो. मोटारींच्या सायलेन्सरचं तत्त्वही हेच, आणि पर्सी मॅक्झिमने त्यातही काम केलं. एकाच घरात बापाने गोळ्यांचा पाऊस दिला आणि मुलाने त्याचा आवाज कमी केला. पुन्हा पाणीच कामाला आलं.

तर भाच्या, ऐक

तुझी पॉइंट टू-टू ही रिमफायर. काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला असतो आणि टाचणी कडेवर आपटते. एनसीसीच्या पोरांच्या हातात हीच असते. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्याचाच स्वप्नील कुसाळे, दोघांचा ५० मीटरचा नेम याच काडतुसाचा. लहान आहे म्हणून तिला हलक्यात घेऊ नकोस. क्षणभराच्या धडाक्यासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात आणि टू-टू रायफल त्या रेषेच्या आसपास वाजते.

आवाजाबद्दल : चांगला सप्रेसर वीसेक डेसिबल उतरवतो, पण गोळी आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरहून, जोरात गेली तर हवेत जो चटका वाजतो तो कुठलाच सप्रेसर थांबवू शकत नाही. म्हणून कमी वेगाची काडतुसं घे. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा काडतुसाची निवड जास्त फरक पाडते.

टिकाऊपणाबद्दल : सगळा मार पहिल्या पडद्याला बसतो, कारण तो नळीला सगळ्यात जवळ. तिथे स्टेनलेस स्टील असावं. टायटॅनियम हलकं आणि दणकट, पण महाग. नुसतं अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण लवकर झिजतं. बाहेरची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि आतले पडदे स्टीलचे, हा तुझ्या कामाला आणि खिशाला पुरेसा पर्याय. रूमीच्या तोफेचं वजन बैलांनी ओढलं. तुझ्या रायफलीचं तुलाच दिवसभर खांद्यावर वागवायचंय. आणि आटे सरळ बसतात का, ते दुकानदाराकडून तपासून घे. सप्रेसर तिरका बसला तर गोळी पडद्याला लागते.

सफाईबद्दल : तुझ्या कामात सगळ्यात मोठा मुद्दा हाच. रिमफायरची गोळी बहुतेक उघड्या शिशाची आणि वर मेणाचा हात. शिसं, मेण आणि काजळी पडद्यांवर थरावर थर चढवतात. म्हणून जो सप्रेसर पूर्ण खोलता येतो, पडदे सुटे निघतात आणि चुकीच्या क्रमाने बसत नाहीत, तोच घे. काही शे गोळ्यांनंतर खोलत जा. उशीर केलास तर पडदे नळीत घट्ट बसतील आणि हातोडी शोधावी लागेल. शिसं काढायला व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण वापरा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्यातून शिशाचं विरघळणारं विष तयार होतं आणि अ‍ॅल्युमिनियमही खराब होतं. हातमोजे घाल, घासण्याची जागा स्वयंपाकघरापासून लांब ठेव, नंतर हात धू. घरात लेकरू आहे, हे विसरू नकोस.

इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. भारतात शस्त्र नियमांनुसार आवाज दाबणारी अशी जोडणी सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. तेव्हा हा सल्ला फक्त जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यासाठी आहे.

माझा डावा कान

शेवटी एक कबुली. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये मीही टू-टू चालवली. कानात घालायला काही नव्हतं. उस्ताद म्हणाले, ‘‘मर्द बनो.’’ दुपारभर पोरं रांगेत पालथी पडून गोळ्या झाडत होती आणि त्या रात्री माझ्या कानात रातकिडे बसले. ते आजतागायत उठलेले नाहीत. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून डावाच जास्त गेला. आता मशिदीत मी इमामांच्या डाव्या हाताला बसतो, उजवा कान त्यांच्याकडे राहतो, तेव्हा कुठे खुतबा नीट ऐकू येतो. घरात कुणी डाव्या बाजूने हाक मारली तर उत्तर मिळत नाही आणि बायको म्हणते, मुद्दाम करतो.

मलिक-ए-मैदानवर लेख कोरलेले आहेत. निजामशहाचं नाव आहे, रूमीचं नाव आहे. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपलंही नाव कोरून घेतलं. ती तोफ परंड्याच्या उन्हात ज्यांनी भरली, पुसली आणि उडवली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. त्यांतले किती जण म्हातारपणी नातवंडांचं बोलणं ऐकू शकले असतील?

भाच्याला हे सगळं पाठवलं. दोन दिवसांनी फोटो आला, स्टीलच्या पडद्यांचा, खोलता येणारा. मी विचारलं, ‘‘और कान में?’’

उत्तर आलं, ‘‘मामू, सायलेन्सर है ना अब, कान में क्या डालना?’’

मी लिहिलं, ‘‘बुड्डे की बात सुन. रूमी के पास तोप थी, पानी था, फिर भी गोलंदाज का नाम नहीं बचा. तू बुंदे भी डाल.’’

रात्री उशिरा अंगठा आला.