कारखान्याच्या दारात थांबलेला कायदा

मालवण किनाऱ्यावरच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला अशा मावश्या भेटतात, ज्या अडलेल्या घरी सव्वा महिना बाळंतिणीचे करायला जातात. बाळाची अंघोळ, मालिश, शेक-धुरी, थोरल्या मुलाचे जेवणखाण. सव्वा महिना सरला की दुसरे घर. या मावशीच्या स्वतःच्या बाळंतपणात तिचे कोणी केले?

जातीव्यवस्थेने जन्माचे काम विटाळाचे ठरवले. नाळ कापणाऱ्या सुईणीला मजुरी नव्हे, लुगडे-खण देऊन बोळवले गेले. हक्काच्या जागी बक्षिसी आली, ती अजून गेलेली नाही.

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा मोठा भार सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या स्त्रियांपुरता, आणि पैसे द्यायचे मालकाने. घरकाम करणारी बाहेरच राहिली.

तिच्यासाठी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम यायला 2008 उजाडले. त्यात प्रसूतीसाठी मदतीची तरतूद आहे. मात्र नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. सव्वा महिन्याला घर बदलणारीने तो कोणाकडून आणायचा?

नेदरलँड्समध्ये प्रसूतीनंतर प्रशिक्षित सेविका घरी येते आणि बहुतेक खर्च विम्यातून भागतो. तिथे हा व्यवसाय आहे, इथे उपकार. मावशीचे काम कुशल श्रम म्हणून नोंदवा आणि मालकाच्या दाखल्याची अट काढा. बाबासाहेबांची भूमिका कारखान्यापुरती नव्हती, ती आईसाठी होती.

जयभीम!