मातीचा मावळा : दिवाळीच्या किल्ल्यावरील लघुसैन्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पवना नदी पवन मावळातून उतरून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत येते, त्या प्रवेशाच्या टापूत रावेत हे गाव वसले आहे. येथील बंधाऱ्यावरून महानगरपालिका शहरासाठी पाणी उचलते. हे पाणी ज्या धरणातून सोडले जाते, त्याच्या भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले उभे आहेत. ‘मावळा’ या शब्दाचा मूळ अर्थ मावळ खोऱ्यातील रहिवासी असा असल्याने, रावेतच्या मुलांनी दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडणे याला एक भौगोलिक सार्थता आहे. 1997 साली हे गाव महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पुढे शेतांच्या जागी गृहसंकुले आली. पूर्वी अंगणात उपलब्ध असणारी माती आता पोत्यातून आणावी लागते आणि किल्ला वाहनतळाच्या कोपऱ्यात उभा राहतो. तथापि तो उभा राहतो, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

या किल्ल्याच्या स्थापत्याविषयी पुष्कळ कौतुकाने लिहिले जाते. विटा, दगड व गोणपाट यांचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप, तटबंदी, बुरूज, भुयार आणि उतारावर पेरलेले हळीव अथवा मोहरी, हा तपशील सर्वपरिचित आहे. त्यावर उभे राहणारे लघुसैन्य मात्र अभ्यासकांच्या दृष्टीतून सहसा निसटते. वस्तुतः समाजाच्या मनातील सैन्याची प्रतिमा कशी घडली, याचा एक ठोस पुरावा या सैन्यात मिळतो.

साचा आणि रंग

महाराष्ट्रात साच्यातून लघुमूर्ती काढण्याची कला फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या व केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्यांत पुढचा व मागचा असे दोन साचे वापरून दोन अर्धे जोडण्याचे तंत्र स्पष्ट दिसते. दिवाळीच्या मावळ्याचे तंत्र तत्त्वतः तेच आहे. दोन्ही साच्यांत माती दाबायची, अर्धे एकत्र आणायचे, सांध्यावर पातळ मातीचा हात फिरवायचा आणि सावलीत सुकवायचे. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले, काम जलद झाले. आता प्लास्टिकचे मावळेही मिळतात. पुण्यातील कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात दिवाळीपूर्वी या चित्रांच्या रांगा लागतात.

रंगकामाचा क्रम लक्षणीय आहे. एक मावळा पूर्ण करून दुसरा हाती घेतला जात नाही. प्रथम सर्वांना पांढरा हात, मग सर्वांचे चेहरे, मग सर्वांची पागोटी, मग ढाली. डोळे व मिशा शेवटी, कारण तेथे कुंचला थरथरला तर सारे श्रम वाया जातात. गणेशमूर्तीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी अशीच शेवटी आणि कसलेल्या हाताकडे असते. या क्रमाचा परिणाम असा होतो की, एका घाण्यातील सर्व मावळे एकाच पोशाखात, एकाच पवित्र्यात उभे राहतात.

येथेच इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. शिवकालीन सैन्य असे एकसारखे नव्हते. घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा शिलेदार असे दोन वर्ग होते. पायदळात नायक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी अधिकाराची उतरंड काटेकोर होती. शिस्त अधिकारपरंपरेत होती, कपड्यांत नव्हती. 1677 साली भागानगरात प्रवेश करताना महाराजांनी सैन्यास जरीचा साज चढविल्याचे सभासद बखर सांगते, परंतु तो प्रसंग विशेष होता. मराठी मुलखाला कवायती व गणवेषधारी पलटणीची ओळख ठळकपणे झाली ती महादजी शिंद्यांच्या सेवेतील द बॉयन याच्या कंपूंमुळे, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस. आजच्या मावळ्याचे रूप त्याहूनही अलीकडचे आहे. 1894 साली सुरू झालेल्या आणि पुढे लोहगडाच्या पायथ्याजवळील मळवलीत आलेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रे, दिनदर्शिका, बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ (1923), भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ (1952) यांतून ते लोकमानसात रुजले. साच्याने त्या रूपावर शिक्कामोर्तब केले.

जोडकाम

युरोपात लघुसैनिकांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ सिद्ध केला. 1893 मध्ये इंग्लंडमधील ब्रिटन या कारखान्याने पोकळ ओतीव सैनिक आणून ते स्वस्त केले आणि एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ (1913) या पुस्तकात घरच्या जमिनीवरील लढाईचे नियम बांधले. 1983 साली आलेल्या ‘वॉरहॅमर’ने या परंपरेत राक्षस, बुटके आणि जादूगार आणले. या खेळातील हौशी मंडळी निरनिराळ्या संचांतील हात, धड, शिरस्त्राणे जोडून स्वतःची तुकडी घडवितात व रंगवितात; त्यास ‘किटबॅशिंग’ म्हणतात. मराठीत त्यास जोडकाम म्हणण्यास हरकत नसावी, कारण ती गोष्ट येथे अपरिचित नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावर गेल्या वर्षीचा मातीचा मावळा, यंदाचा प्लास्टिकचा घोडेस्वार, खेळण्याच्या दुकानातील बंदूकधारी जवान, पायथ्याशी वाघ आणि क्वचित एखादा डायनासोरही नांदतो. भाला हरवलेल्या मुठीत झाडूची काडी बसते. मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि सिंहासनाधिष्ठित महाराज त्याहून मोठे. प्राचीन शिल्पातही राजा असाच मोठा कोरला जात असे. स्पर्धांचे परीक्षक या सरमिसळीला कालविपर्यास म्हणून गुण कापतात. रणगाड्याबाबत ते योग्यही आहे. परंतु निरनिराळ्या उंचीचे, निरनिराळ्या शस्त्रांचे, जमेल तेथून गोळा झालेले हे सैन्य शिलेदारांच्या जमावाला साच्यातील रांगेपेक्षा अधिक जवळचे आहे, हे परीक्षकांच्या ध्यानात येत नाही. खरी उणीव अन्यत्र आहे. या किल्ल्यावर लढणारे सर्व असतात. हिशेब ठेवणारा सबनीस व कोठार सांभाळणारा कारखानीस मात्र कुठल्याच साच्यातून निघत नाहीत, वास्तविक त्यांच्याविना गड एक पावसाळाही तगला नसता.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतर्गत महाराष्ट्रातील 11 आणि तमिळनाडूतील जिंजी अशा 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लोहगड त्यांत आहे. त्यामुळे शाळाशाळांतून अचूक प्रतिकृतींचा आग्रह वाढणे स्वाभाविक आहे. तटाची वळणे, दरवाजांची संख्या, टाक्यांच्या जागा यांबाबत तो आग्रह इष्टच होय. सैन्याबाबत तो विकतच्या एकसारख्या संचाकडे नेणार असेल, तर अचूकतेच्या नावाखाली एक चुकीचे चित्र पक्के होईल.

दिवाळी संपली की किल्ला मोडतो आणि माती कुंड्यांत जाते. सैन्य मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षभर राहते. पुढच्या वर्षी खोके उघडल्यावर कोणाचा हात तुटलेला, कोणाचे पागोटे उडालेले आढळते. डिंक आणि रंगाची डबी निघते, आणि ज्याचे नाकच गेले आहे अशा मावळ्याला बुरुजाआड, पाठ दिसेल असा पहाऱ्यावर उभे केले जाते.