मिरजेचा तंबोरा : नाद लाकडाचा की जवारीचा?

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर गेली दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्यांसाठी ख्यातनाम आहे. येथील सतार आणि तंबोरा या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तंबोरा विकत घेणारा नवखा ग्राहक बहुधा लाकूड, नक्षी आणि चकाकी पाहतो. जाणकार गवई मात्र डोळे मिटून एकेक तार छेडतो. वाद्याचा खरा स्वभाव कोठे दडलेला असतो, या प्रश्नाचे उत्तर या दोन सवयींतील फरकात आहे.

तलवारीकडून तारेकडे

मिरजेतील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. शस्त्रे घडविणे व त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब व मोहिनुद्दीन हे कारागीर वाद्यदुरुस्तीकडे आणि पुढे वाद्यनिर्मितीकडे वळले. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींचे संगीतप्रेम या कलेस पोषक ठरले.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले आणि ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात त्यांची समाधी आहे. सूक्ष्म स्वरांचा आग्रह धरणारे असे गवई गावातच असल्याने कारागिरांना चोखंदळ परीक्षक मिळाले. याच परिसरात श्रुतींचा शास्त्रीय अभ्यासही झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

भोपळा आणि तून

तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याचा नव्हे. कडू जातीच्या, जाड सालीच्या या भोपळ्याचे पीक पंढरपूर परिसरात घेतले जाते. पक्व भोपळा वाळवून, कापून पाण्यात भिजवितात. मऊ झालेल्या तोंडाला आतून काठ्यांचा ताण देऊन हवा तो आकार आणतात आणि पुन्हा सुकवितात. मोठ्या, मर्दानी तंबोऱ्यासाठी सुमारे ५० इंच घेराचा भोपळा लागतो. स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी तो लहान निवडतात.

दांडी, गळा आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली यांसाठी प्रामुख्याने तून वृक्षाचे लाकूड वापरतात. ते वजनाने हलके, तांबूस आणि कामाला सुलभ असते. हलकी तबली तारेचे कंपन सहज स्वीकारते. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो आणि फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते. कच्चे लाकूड पुढे वाकते व जोड सुटतात, म्हणून ते पुरते मुरलेले असणे अगत्याचे असते. थोडक्यात, नादाचा भरदारपणा, त्याची गोलाई आणि तो किती काळ टिकतो हे भोपळा व लाकूड यांवर अवलंबून असते.

घोडीवरची किमया

तंबोऱ्याची झळाळी मात्र घोडीवर जन्म घेते. तबलीवर बसविलेल्या या रुंद घोडीचा माथा सपाट दिसला, तरी त्याला अतिशय सौम्य उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार या उताराला सतत स्पर्श करते आणि स्पर्शबिंदू पुढेमागे सरकत राहतो. त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे सहस्वर एकामागून एक उमलतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेला बारीक धागा, म्हणजे 'सूत', हा स्पर्श नेमक्या जागी आणतो. या साऱ्या व्यवस्थेला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात गांधाराची स्वतंत्र तार नसतानाही खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो म्हणजे या तारेचा पाचवा सहस्वर होय.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घोडीचे वेगळेपण दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या सहस्वरांचे स्थिरबिंदू असतात ते सहस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रातील नियम आहे. तंबोरा व वीणा यांत मात्र हे सहस्वरही जोरकसपणे ऐकू येतात.

पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षणाचे कायदे कडक झाल्यावर त्यांची जागा उंटाचे हाड, काळे कठीण लाकूड व कृत्रिम पदार्थ यांनी घेतली. कानसीने आणि काचकागदाने केसभर घासायचे, तारा चढवायच्या, ऐकायचे आणि पुन्हा उतरवायच्या, असे हे काम चालते. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, म्हणून जवारी अधूनमधून पुन्हा काढावी लागते.

लाकडी हेडफोनशी तुलना

लाकडाच्या 'उबदार' नादाचे आकर्षण आजच्या ध्वनियंत्रांतही दिसते. सोनी कंपनीने १९८९ मध्ये जपानी केयाकी लाकडाच्या वाट्या असलेला अत्यंत महागडा हेडफोन काढला. न्यूयॉर्कमधील ग्रॅडो कंपनीचे महोगनीचे हेडफोनही रसिकांत प्रसिद्ध आहेत. तेथे आवाज निर्माण होतो तो पातळ पडद्यातून. वाटीचा आकार, आतील पोकळी व अस्तर यांचा परिणाम होतो, पण लाकडाने स्वतःचा सूर मिसळणे हा तेथे दोष समजला जातो, कारण हेडफोनने ध्वनिमुद्रण जसेच्या तसे पोचवावयाचे असते. तंबोऱ्यात मात्र लाकडाने नादात सामील व्हावे हीच अपेक्षा असते. सारखेच लाकूड एका ठिकाणी शक्यतो गप्प राहते आणि दुसऱ्या ठिकाणी गाते.

तंबोरा पारखताना

प्रत्येक तार स्वतंत्रपणे छेडून पाहावी. नाद आरंभी मोठा होऊन लगेच विझता कामा नये. तो फुलत जाऊन संथपणे उतरावा. सूत किंचित सरकविल्यावर आवाजाचा रंग पालटला पाहिजे. तसा तो पालटत नसेल, तर जवारी नीट लागलेली नाही असे समजावे. चारही तारांची जवारी एकसारखी खुली असावी, अन्यथा एखादीच तार टोचत राहते. जवारीतील दोष कुशल हाताने दुरुस्त होतो. कोंडलेली तबली मात्र सहसा सुधारत नाही.

मानांकनाच्या पलीकडे

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरील तंबोरा यांनी रियाजाची सोय केली, हे निर्विवाद आहे. त्यांना ना जवारी काढावी लागते, ना पावसाळ्यात जपावे लागते. परंतु तारा स्वतः जुळविताना गायकाचा जो कान घडतो, ती संधी तेथे उरत नाही. कारागिराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. दांडी कापण्यास यंत्र साहाय्य करू शकते, तर जवारी काढण्याची विद्या वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी बसून, ऐकूनच आत्मसात होते. भौगोलिक मानांकनाने मिरजेच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. त्या नावामागील नाद टिकवायचा असेल, तर घोडीवर कानस धरणारी पुढची पिढी तयार व्हावी लागेल आणि तिच्या कामाची पारख करणारे श्रोते व गायकही तेवढेच लागतील.