अभिलेखांचे माध्यम आणि अभिलेखांचा वाचक

संस्थांच्या अभिलेखांचे दीर्घकाल जतन कोणत्या साधनाने करावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा माध्यमाच्या टिकाऊपणापाशी सुरू होते व तेथेच संपते. चर्मपत्र किती शतके टिकेल, कागद किती, चुंबकीय फीत किती, एवढाच हिशेब मांडला जातो. तो अपुरा आहे, हे इंग्लंडमधील दोन पाहण्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

पहिली पाहणी राजा पहिला विल्यम याने १०८६ मध्ये करविली. कोणाच्या ताब्यात किती जमीन, तीवर नांगर किती, गिरण्या किती, हा तपशील मेंढीच्या कातड्याच्या चर्मपत्रावर लॅटिन भाषेत उतरविला गेला. हेच ‘डूम्सडे बुक’ होय. त्यास नऊशे वर्षे झाली त्या निमित्ताने बीबीसीने १९८६ मध्ये नवी पाहणी सिद्ध केली. तिच्यातील मजकूर, नकाशे व छायाचित्रे लेसर-तबकड्यांवर नोंदविण्यात आली. त्या वाचण्यास खास चालकयंत्र व त्यास जोडलेला एकॉर्न कंपनीचा संगणक लागे. पुढे पंधरा-सोळा वर्षांतच अशी चालू यंत्रे दुर्मिळ झाली. अखेर लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल नव्या संगणकावर करणारी आज्ञावली २००२ मध्ये तयार केली, तेव्हा ती माहिती पुन्हा वाचता आली.

चर्मपत्र श्रेष्ठ आणि तबकडी कनिष्ठ, असा निष्कर्ष यावरून पुष्कळदा काढला जातो. तो घाईचा आहे. तबकडीवरील नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या वाचणारे यंत्र नाहीसे होत होते. उलटपक्षी, चर्मपत्र नुसत्या डोळ्यांनी वाचता येते हेही अर्धसत्यच. मूळ लेखन संक्षेपचिन्हांनी इतके भरलेले आहे की १७८३ मध्ये ते छापताना त्या चिन्हांसाठी खास खिळे पाडावे लागले. ग्रंथ वाचनीय राहिला तो जमिनीच्या वादांत शतकानुशतके त्याचा आधार घेतला गेल्यामुळे, म्हणजे वाचणाऱ्यांची परंपरा तुटली नाही म्हणून.

परंपरा क्षीण झाली म्हणजे काय होते, हे पाहण्यास पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आजही आहेत; शाई व कागद यांविषयी फारशी तक्रार करता येत नाही. परंतु ते बव्हंशी मोडीत आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून मागे पडली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर निघालेले निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड, हे एका अर्थी त्या दप्तराचे नव्या लिपीतील स्थलांतरच होते. ते त्या वेळी झाले, कारण मोडी सहज वाचणारे कारकून व अभ्यासक तेव्हा हाताशी होते.

अवकाशसंशोधन संस्थांच्या पुढाकाराने तयार झालेल्या व २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या अभिलेखविषयक आराखड्याने नेमके हेच ओळखले आहे. जतन कोणत्या वाचकवर्गासाठी करावयाचे हे अभिलेखागाराने आधी ठरवावे, त्या वर्गास कोणते ज्ञान अवगत आहे याकडे सतत लक्ष ठेवावे आणि ते उणे पडू लागताच आवश्यक स्पष्टीकरण नोंदींस जोडावे, अशी त्याची अपेक्षा आहे. मोडी कागदाचे छायाचित्र संगणकात साठविले तरी छायाचित्रातील लिपी मोडीच राहते. त्यामुळे साधनाची निवड करणाऱ्या संस्थेस तबकडी व फीत यांच्या किमतीबरोबर लिपिज्ञांच्या वेतनाचाही अंदाज धरावा लागतो, आणि अंदाजपत्रकातून पहिल्याने गळते ते बहुधा हेच कलम.