सोप ऑपेरा आणि प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका : उगम, विभाजन आणि साधने

१

दूरचित्रवाणीवरील कथाप्रकारांचा विचार करताना सोप ऑपेरा आणि प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका हे दोन प्रकार परस्परविरुद्ध टोकांना ठेवण्याची प्रथा आहे. एक रडविणारा, दुसरा हसविणारा. एकाला शेवट नाही, दुसऱ्याचा शेवट अर्ध्या तासात ठरलेला. एक दुपारचा, दुसरा रात्रीचा, असे हे वर्गीकरण आहे. शोकात्म आणि विनोदात्म ह्या जुन्या नाट्यभेदाचीच ही नवी आवृत्ती होय, असेही पुष्कळदा सुचविले जाते. परंतु ह्या प्रकारांचा अमेरिकेतील आरंभीचा इतिहास पाहिला, म्हणजे ह्या समजुतीला फारसा आधार उरत नाही. दोहोंचा उगम एकाच ठिकाणी, १९३० च्या आगेमागे अमेरिकन नभोवाणीवर चालणाऱ्या पंधरा मिनिटांच्या क्रमशः कथेत आहे. पुढे त्यांची जी फारकत झाली, तिची प्रमुख कारणे तीन : प्रक्षेपणाची वेळ, जाहिरातदाराला हवा असलेला ग्राहक, आणि ज्या द्रव्यावर कार्यक्रम मुद्रित होई ते द्रव्य. ह्यांतील तिसऱ्या कारणाचा परिणाम रचनेपुरताच राहिला नाही. त्यानेच पुढील इतिहासकाराच्या हाती कोणती साधने यावीत आणि कोणती येऊ नयेत, हेही बव्हंशी ठरविले.

२

ब्रिटनमध्ये नभोवाणीचा खर्च परवाना-शुल्कातून चालत असे. अमेरिकेत तो जाहिरातदारावर अवलंबून होता. त्यामुळे तेथे कार्यक्रमाचा खरा धनी पुष्कळदा प्रक्षेपण-केंद्र नसून माल विकणारी कंपनी असे. शिकागो येथे १९२८ मध्ये सुरू झालेली ‘एमॉस अँड अँडी’ ही कथा ह्या परंपरेचा आद्य नमुना मानता येईल. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट तीत कृष्णवर्णीय पात्रांचे संवाद म्हणत. कथा विनोदी होती, परंतु ती रोज पुढे सरकत असे. आजचा पेच उद्यावर टाकला जाई. १९२९ मध्ये गर्ट्रूड बर्ग हिची ‘द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका आली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका ज्यू कुटुंबाचे ते चित्रण होते. लेखिका आणि नायिका ह्या दोन्ही भूमिका बर्गच्याच होत्या. ही कथाही क्रमशः आणि तिचा विनोदही कौटुंबिक. ह्या दोन मालिकांना आजच्या व्याख्येने कोणत्या प्रकारात घालावे, ह्याचे निःसंदिग्ध उत्तर देता येत नाही. आणि ते देता येत नाही, हाच येथे महत्त्वाचा पुरावा आहे.

ऑक्टोबर १९३० मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू झाली. पूर्वी शिक्षिका असलेल्या अर्ना फिलिप्स हिने ती लिहिली आणि तीतील आयरिश वंशाच्या मातेचे कामही स्वतःच केले. दिवसा प्रक्षेपित होणारी आणि मुख्यतः स्त्रियांना उद्देशून रचलेली ही कथा सोप ऑपेराच्या इतिहासात आद्य स्थानी ठेवली जाते. मालिकेचे स्वामित्व कोणाचे, ह्यावरून फिलिप्सचा केंद्राशी वाद झाला. ती १९३२ मध्ये तेथून बाहेर पडली आणि प्रतिस्पर्धी केंद्रावर तिने ‘टुडेज चिल्ड्रन’ ही नवी मालिका उभी केली. तिने केंद्राविरुद्ध दावाही लावला. निकाल अखेर तिच्या विरुद्ध गेला. परंतु लेखकाने स्वामित्व स्वतःकडे राखले पाहिजे, हा धडा तिने ह्या प्रकरणातून घेतला आणि पुढे कटाक्षाने पाळला.

१९३३ मध्ये सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने आपल्या ‘ऑक्सिडॉल’ ह्या धुण्याच्या भुकटीसाठी ‘मा पर्किन्स’ ही मालिका पुरस्कृत केली. काळ महामंदीचा होता. घरखर्चाचा हिशेब गृहिणीच्या हाती असे. दिवसाची प्रक्षेपण-वेळ स्वस्त होती. आणि साबण ही मंदीतही घ्यावीच लागणारी वस्तू होती. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा नव्या कथाप्रकाराचे अर्थशास्त्र सिद्ध झाले. लाकडाची वखार चालविणाऱ्या एका विधवेची ही कथा १९६० पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे चालली. आणि एवढ्या काळात नायिकेचे काम व्हर्जिनिया पेन ह्या एकाच नटीने केले. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वृत्तपत्रांनी ह्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव दिले. नावात उपहास उघड आहे : साबणासारखी क्षुद्र वस्तू आणि ऑपेरासारखी प्रतिष्ठित कला ह्यांची सांगड घालून, असल्या कथेला कलेचा दर्जा नाही, हे सुचविण्यात आले. नाव चिकटले आणि त्याबरोबर तुच्छताही चिकटली.

३

फारकतीची पहिली ठळक खूण १९४३ मध्ये दिसते. त्या वर्षी ‘एमॉस अँड अँडी’ ही रोजची पंधरा मिनिटांची क्रमशः कथा न राहता आठवड्यातून एकदा, अर्धा तास, प्रेक्षकांसमोर सादर होणारी विनोदी मालिका झाली. १९४९ मध्ये ‘द गोल्डबर्ग्ज’ दूरचित्रवाणीवर आली, तीही ह्याच साप्ताहिक स्वरूपात. उलट, फिलिप्सने १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू केलेली ‘द गायडिंग लाइट’ १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली ती रोजची पंधरा मिनिटे आणि दिवसाची वेळ कायम ठेवून. १९५६ पर्यंत ती दोन्ही माध्यमांवर एकाच वेळी चालू होती. एकाच बीजाची ही दोन झाडे येथून निराळी वाढू लागली.

प्रत्येक प्रकाराची रचना त्याच्या वेळेतून कशी निष्पन्न झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. रात्रीचा प्रेक्षक म्हणजे सारे कुटुंब. ते आठवड्यातून एकदा जमणार आणि एखादा आठवडा चुकणारही. म्हणून प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असावा लागला. गोंधळ उत्पन्न व्हावा, वाढावा आणि शेवटी सर्व पात्रे पूर्वस्थितीला यावीत, अशी त्याची घडण झाली. तीत अनुभव साठत नाही. मागील आठवड्याचा अपमान पुढील आठवड्यात कोणाच्या स्मरणात नसतो. दिवसाची प्रेक्षक गृहिणी होती. तिचे हात कामात आणि कान कथेकडे असत. म्हणून संवादावर भर, घटनांची पुनरुक्ती, मंद गती आणि एकाच वेळी चालणारी अनेक कथानके हे विशेष निर्माण झाले. रोजच्या भेटीमुळे पात्रांना स्मृती लाभली : ती म्हातारी होतात, जुने वैर विसरत नाहीत, त्यांची मुले वाढतात. टीकाकार ज्याला शैथिल्य म्हणत आले, ते वस्तुतः एका विशिष्ट श्रवणस्थितीला दिलेले रचनात्मक उत्तर होते. २ एप्रिल १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ह्या मालिकेत फिलिप्सने भागाची लांबी अर्ध्या तासावर नेली. आणि तो वाढलेला अवकाश तिने जास्त घटनांना न देता पात्रांच्या संभाषणाला व मौनाला दिला.

४

तिसरे कारण तांत्रिक आहे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह लूसी’ ह्या मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले. त्या काळी बहुतेक महत्त्वाचे कार्यक्रम न्यूयॉर्कहून प्रत्यक्ष प्रक्षेपित होत आणि पश्चिम किनाऱ्याला ‘किनेस्कोप’ दाखविला जाई, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून घेतलेली अस्पष्ट नक्कल. सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग पूर्वेकडे असल्यामुळे पुरस्कर्त्या सिगारेट कंपनीला ही नक्कल त्याच्या वाट्याला येणे मान्य नव्हते. लूसिल बॉल आणि तिचा पती डेसी अर्नाझ ह्यांना मात्र हॉलिवूड सोडावयाचे नव्हते. तोडगा असा निघाला की, मालिका ३५ मिलिमीटरच्या फितीवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित करावी. ‘मेट्रोपोलिस’ ह्या जर्मन चित्रपटावर काम केलेला कार्ल फ्रॉइंड छायाचित्रणासाठी नेमण्यात आला. खर्च वाढला, तेव्हा बॉल आणि अर्नाझ ह्यांनी आपल्या मानधनात कपात स्वीकारली आणि मोबदल्यात चित्रित भागांचे स्वामित्व मागून घेतले. त्या घटकेला ह्या स्वामित्वाला कोणी फारशी किंमत दिली नसावी. परंतु फितीवरील स्वच्छ प्रत पुनःपुन्हा दाखविता येते, विकता येते, परदेशी पाठविता येते, हे लवकरच कळून आले आणि पुनःप्रक्षेपणाचा मोठा व्यापार त्यातून उभा राहिला.

ह्या व्यापाराने विनोदी मालिकेची स्वयंपूर्ण घडण अधिकच पक्की केली. कारण कोणताही भाग कोणत्याही क्रमाने दाखविता आला तर तो विकणे सोपे. त्याच मालिकेत एक लक्षणीय अपवादही आढळतो. बॉल गर्भवती राहिली, तेव्हा ती अवस्था कथेतच आणण्यात आली. ‘गर्भवती’ हा शब्दही उच्चारण्यास बंदी होती. संहिता ख्रिस्ती व ज्यू धर्मगुरूंच्या नजरेखालून घालण्यात आल्या. १९ जानेवारी १९५३ रोजी दाखविलेला जन्माचा भाग दूरचित्रवाणी-संच असलेल्या घरांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक घरांत पाहिला गेला. पूर्वस्थितीला परतणाऱ्या प्रकारात जेव्हा खरा काळ शिरला, म्हणजे जेव्हा ती मालिका क्षणभर आपल्या सख्ख्या बहिणीसारखी वागली, तेव्हाच तिला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, ही गोष्ट दोहोंचे रक्ताचे नाते पुन्हा दाखवून देते.

५

येथून साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. दिवसाच्या मालिका दीर्घकाळ प्रत्यक्ष प्रक्षेपित होत राहिल्या. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ १९७५ पर्यंत तशीच चालली. १९५६ नंतर चुंबकीय चित्रफीत उपलब्ध झाली, पण ती महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येई. रोज एक भाग तयार करणाऱ्या आणि पुनःप्रक्षेपणाचे उत्पन्न नसलेल्या मालिकेच्या फिती जतन करण्यात कोणाचाच लाभ नव्हता. त्या पुसल्या गेल्या. परिणामी, १९५० नंतरच्या दशकांतील विनोदी मालिका आज प्रत्यक्ष पाहता येतात, तर त्याच काळातील सोप ऑपेराचे तुरळक अवशेषच हाती लागतात.

हा भेद प्रकारांच्या गुणवत्तेचा नव्हे, जतनाच्या हिताचा आहे, हे दोन प्रतिउदाहरणांनी सिद्ध होते. ब्रिटनमध्ये स्थिती बरीचशी उलटी आहे. ९ डिसेंबर १९६० रोजी ग्रॅनडा कंपनीने सुरू केलेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही सोप ऑपेराच. पण ती संध्याकाळची, आणि तिचे जुने भाग बहुतांशी सुरक्षित आहेत. उलट, बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ ह्या अत्यंत लोकप्रिय विनोदी मालिकेच्या १९६९ मधील दुसऱ्या मालेतील तीन भाग नष्ट झाले आहेत. म्हणजे जे उरले ते श्रेष्ठ म्हणून उरले, असे अनुमान येथे करता येत नाही.

तरीही ते अनुमान सर्रास केले गेले आहे. विनोदी मालिकेचा इतिहास कृतींवरून लिहिला जातो. सोप ऑपेराचा इतिहास दीर्घकाळ तिच्या टीकाकारांच्या अभिप्रायांवरून लिहिला गेला. १९४२ मध्ये लुई बर्ग ह्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने, नभोवाणीवरील मालिकांमुळे श्रोत्या स्त्रियांच्या आरोग्यावर दुष्परिणाम होतात, असा आरोप केला. त्याला गाजावाजा पुष्कळ लाभला, पुरावा अल्प होता. हर्टा हेर्झोग हिचा १९४४ मधील अभ्यास श्रोत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्यात असे दिसून आले की, काही स्त्रिया ह्या मालिकांकडे भावनेचा निचरा म्हणून, काही स्वप्नरंजन म्हणून, तर काही स्वतःच्या अडचणींत सल्ला म्हणून पाहतात. हा दुसरा पुरावा अधिक मोलाचा असूनही पहिल्या मताचा पगडा अधिक काळ टिकला; आणि मूळ कृती उपलब्ध नसल्याने ते मत पडताळून पाहण्याचा मार्गही आखूड झाला.

मात्र तो मार्ग अगदीच बंद झालेला नाही. फिलिप्सची कागदपत्रे विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील ऐतिहासिक संस्थेत जतन आहेत. दृश्य गेले, पण शब्द राहिले. जी मालिका पाहता येत नाही ती संहितेवरून वाचता येते. आणि वाचल्यावर असे दिसते की, विवाहित स्त्रीने नोकरी करावी काय, मुलीने आईचे ऐकावे किती, हे प्रश्न ह्या कथांनी प्रतिष्ठित रंगभूमीइतक्याच आस्थेने हाताळले होते.

६

पुढील काळात दोन्ही शाखा पुन्हा जवळ आल्या. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅलस’ने क्रमशः कथा रात्रीच्या वेळी आणली, १९८२ च्या ‘चिअर्स’सारख्या विनोदी मालिकांनी भागाभागांतून चालणारे प्रेमकथानक स्वीकारले. स्वतः ‘गायडिंग लाइट’ १८ सप्टेंबर २००९ रोजी, दोन्ही माध्यमे मिळून बहात्तर वर्षांनंतर संपली.

भारतात हे दोन प्रकार जवळजवळ एकाच वेळी अवतरले. मेक्सिकोत मिगेल साबिदो ह्याने समाजशिक्षणासाठी मालिकांचा जो उपयोग केला होता, त्याची दखल विदर्भाचे वसंत साठे ह्यांनी माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना घेतली. त्यातून मनोहर श्याम जोशी ह्यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही दीडशेहून अधिक भागांची मालिका ७ जुलै १९८४ पासून दूरदर्शनवर आली. त्याच वर्षी शरद जोशी ह्यांच्या लेखणीतून उतरलेली ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिकाही आली. मराठीचा क्रम मात्र निराळा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंनी तेथे प्रवेश केला. येथे विनोदी मालिकेचे मूळ नभोवाणीत वा साबणाच्या जाहिरातीत नसून छापील विनोदी कथेत आहे. रोजच्या कौटुंबिक मालिकेचे युग मराठीत त्यानंतरच्या काळात सुरू झाले.

अमेरिकेतील इतिहासाचा बोध मराठी संशोधकाला ह्या ठिकाणी उपयोगी पडावा. कृती टिकते ती तिच्या योग्यतेमुळे नव्हे, तर ती टिकविण्यात कोणाचा तरी लाभ किंवा कोणाची तरी आस्था असते म्हणून. पेशवाईच्या दप्तरांविषयी हे सत्य राजवाड्यांच्या पिढीने ओळखले आणि वाड्यांच्या माळ्यांवरून कागद खाली आणले. मालिकांच्या बाबतीत ती दप्तरे म्हणजे लेखकांच्या संहिता, नटांच्या वह्या, निर्मात्यांची खर्चाची टिपणे आणि प्रेक्षकांची पत्रे होत. ती आज अनेक घरांतून विखुरलेली असणार. त्यांची यादी करणे हे ह्या विषयातील पहिले काम आहे, मूल्यमापन त्यानंतरचे. साधने गोळा होण्यापूर्वी दिलेला निकाल हा इतिहास नसून केवळ अभिरुची असते, आणि अर्ना फिलिप्सच्या समकालीनांनी तो कसा दिला, हे वर दिसलेच आहे.