फौजदारांची शाळा

गुरुजींना शिकवण्याआधी स्वतः शिकावे लागते. मग ज्याच्या हाती बेडी आणि बंदूक, त्या फौजदाराला नको का? आज हा प्रश्न कुणी विचारणार नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या इलाख्यात फौजदार व्हायचे ते शिपायातून वर चढत, काम करता करता शिकत. वरचा जसा वागला, तसाच खालचा वागे.

१८६१ चा पोलीस कायदा झाला तो सत्तावनच्या धक्क्यानंतर. राज्य टिकवणे हा त्याचा पहिला हेतू. रयतेची सेवा नंतर. पुढे १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. सरकारचाच आयोग, पण त्याने स्पष्ट सांगितले, की पोलिसांत लाचखोरी आहे, जुलूम आहे आणि शिक्षणाचा अभाव आहे. फौजदार थेट भरावेत आणि त्यांना शाळेत घालावे, अशी त्याने शिफारस केली. त्यातून १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

शाळा झाली म्हणून सारे सुधारले काय? आपल्या तलासरीचेच पाहा. मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभा भरली आणि वारल्यांनी वेठबिगार नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला, गोदावरी परुळेकर येणार अशा खोट्या निरोपावरून लोक जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि इतर चार जण गेले. नाशिकची शाळा तेव्हा छत्तीस वर्षांची झाली होती. कवायत होती, कायदा होता. पण निरोप खरा की खोटा, जमाव भ्यालेला की चिडलेला, हे ओळखणे कवायतीने येत नाही. त्यासाठी माणसांत जावे लागते, त्यांची बोली ऐकावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आला, तरी हा नियम राहिलाच. म्हणजे कायद्याचाही पोलिसावर पुरता भरवसा नाही! दीक्षान्त संचलनात मानाची तलवार एकाला मिळते. हा भरवसा मात्र प्रत्येकाला गावोगाव, स्वतः कमवावा लागतो.

शिक्षक मंडळींना एवढेच सांगणे: तुमच्या वर्गातला एखादा वारली मुलगा उद्या स्पर्धा परीक्षा देऊन नाशिकला जाईल. त्याला कलमे तिथे शिकवतील. तलवाडा मात्र तुम्ही शिकवा.