मराठी दस्तऐवजातील फॉन्ट-एम्बेडिंग : दिसणारा मजकूर आणि साठवलेला मजकूर

मराठी मजकूर पडद्यावर उमटतो तो तीन घटकांच्या मेळातून : अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, त्यांवरून आकृती निवडणारे नियम आणि प्रत्यक्ष आकृत्या. युनिकोडमध्ये ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक. पडद्यावर मात्र आकृती एकच. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते. काढताना वेलांटी आधी. क्रमांक मजकुरात असतात; आकृत्या आणि जोडाक्षरांचे बरेचसे नियम फॉन्टमध्ये.

दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पर्यायी फॉन्ट वापरला जातो. ओळी भलतीकडे तुटतात, तक्ते सरकतात, पानांची संख्या बदलते. मराठी वळणाचे ल आणि श जाऊन हिंदी वळणाचे येऊ शकतात. ‘दऱ्या’मधला अर्धा र जोडण्याचा नियम नव्या फॉन्टमध्ये नसेल, तर तो सुटा पडतो.

एम्बेडिंगचे दोन प्रकार

यावरचा उपाय म्हणजे फॉन्ट दस्तऐवजातच समाविष्ट करणे. वर्डच्या फाईलमध्ये किंवा ई-पुस्तकात फॉन्ट सोबत जातो, पण अक्षरजुळणी वाचकाच्या यंत्रावर पुन्हा होते. पीडीएफमध्ये ही जुळणी आधीच झालेली असते : कोणती आकृती कोणत्या जागी, हे पक्के नोंदलेले असते. त्यामुळे पीडीएफचे दृश्यरूप अधिक भरवशाचे. पीडीएफच्या मूळ 14 प्रमाण फॉन्टमध्ये देवनागरी नाही. म्हणून मराठीसाठी एम्बेडिंग अपरिहार्य ठरते.

बहुधा संपूर्ण फॉन्ट न घेता वापरलेल्या आकृत्यांचाच उपसंच घेतला जातो. फाईल लहान राहते, पण त्या फॉन्टमध्ये नंतर नवे अक्षर घालता येत नाही. शिवाय फॉन्टच्या आत एम्बेडिंगच्या परवानगीची नोंद असते : पूर्ण मनाई, फक्त पाहणे व छापणे, संपादनासह किंवा मुक्त. नोटो आणि मुक्ता यांसारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टना ही अडचण येत नाही.

मर्यादा

एम्बेडिंग रूप टिकवते. मजकूर टिकवतेच असे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या होत्या. अशा फॉन्टची पीडीएफ छापली तर निर्दोष दिसते. तिच्यातला परिच्छेद नक्कल करून दुसरीकडे चिकटवला, की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ हाती येतो. ‘शेतकरी’ शोधले तर काहीच सापडत नाही. दृष्टिहीन वाचकाचे वाचन-सॉफ्टवेअर तोच गोंधळ उच्चारते.

युनिकोड फॉन्ट वापरूनही धोका पूर्ण टळत नाही. पीडीएफमध्ये आकृत्यांना त्या फॉन्टपुरते क्रमांक असतात. त्यांवरून मूळ अक्षर सांगणारा युनिकोड-तक्ता सोबत नसेल किंवा सदोष असेल, तर जोडाक्षरे हरवतात आणि वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते.

निकष

दीर्घकालीन जतनासाठी 2005 साली आलेल्या पीडीएफ-ए या आंतरराष्ट्रीय मानकात फॉन्ट समाविष्ट करणे सक्तीचे आहे. मात्र त्याच्या मूलभूत पातळीवर केवळ दृश्यरूपाची हमी मिळते. अक्षरांचे युनिकोड-मूल्य वरच्या पातळ्यांवरच बंधनकारक होते. निविदा, शासननिर्णय, प्रबंध किंवा नियतकालिकांचे अंक जतन करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेऊनच पातळी निवडावी.

म्हणून मराठी पीडीएफ प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. फाईलच्या गुणधर्मांतील फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ अशी नोंद आहे का, ही पहिली. जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार असलेला परिच्छेद नक्कल करून साध्या मजकूर-फाईलमध्ये शुद्ध उतरतो का, ही दुसरी. पहिलीने आजच्या वाचकाची सोय होते. दुसरी वगळली, तर तो दस्तऐवज शोधणाऱ्याला, ऐकून वाचणाऱ्याला आणि उद्याच्या संशोधकाला बंदच राहतो. सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या प्रत्येक मराठी दस्तऐवजाला या दोन्ही कसोट्या लागू व्हायलाच हव्यात.